अकराची प्रत

मामांनी माझं कौतुक आयुष्यात एकदाच केलं, तेही एका वेबसाइटवरून.

"दहा सेकंद," फोनवर म्हणाले. "घड्याळ लावून बघितलं. आधी तुझं पान उघडेपर्यंत माझा चहा गार व्हायचा. जमलं गं घाईबाई तुला हे."

घाईबाई म्हणजे मी. तिसरीत गणिताच्या पेपरात मी नुसती उत्तरं लिहून आले आणि रीत लिहायची राहूनच गेली, तेव्हापासून. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफरीडर. कथा-कादंबऱ्यांचे नव्हेत, गाड्यांची वेळापत्रकं, टेलिफोनच्या याद्या, गणिताची कोष्टकं. एक आकडा इकडचा तिकडे झाला की कुणीतरी रिकाम्या फलाटावर बॅग घेऊन उभा राहणार, असली कामं. निवृत्तीनंतरही छापखाना दर महिन्याला बसच्या वेळापत्रकाची प्रुफं त्यांच्याकडे पाठवायचा. नवीन माणसं ती कॉम्प्युटरवर तपासत, आणि कॉम्प्युटरला सहा आणि आठ दोन्ही बरोबरच वाटत.

हे भूतकाळात लिहिते आहे. मामा आहेत. प्रुफं नाहीत.

*

मी एका डायलिसिस केंद्रात नोकरी करते. सुया टोचायचं काम माझं नाही. वेबसाइट, सर्व्हर, प्रिंटर, दाराची घंटा, जे जे वायरीला लटकलेलं आहे ते माझं. सामान ठेवायच्या खोलीच्या वर माझी खोली, एक खिडकी, खिडकीबाहेर पाणी शुद्ध करायच्या टाक्या.

किडन्या थकल्यापासून मामा आमच्याकडेच येत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, अकराची पाळी, चार तास. केंद्राच्या वेबसाइटवर एक पान आहे. आपला नंबर टाकायचा, पुढची पाळी दिसते. बहुतेक रुग्ण त्या पानाच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्याबरोबर मुलगी, सून, नवरा, कुणीतरी असतं, ते दाराजवळच्या फळ्यावर वाचून घेतं. मामा एकटे. मामी गेल्यापासून एका इमारतीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावरच्या खोलीत. तिथे नेटवर्क फक्त खिडकीच्या कठड्यावर येतं, तेही त्याच्या मनात असेल तर. म्हणून फोन कायम कठड्यावर. मामा तो घराबाहेर नेतच नसत. सोमवारी खिडकीशी उभं राहून पान उघडायचं, पाळी बघायची, चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी शर्टाच्या खिशात. हा शिरस्ता.

आणि पान उघडायला चाळीस सेकंद.

"पान आहे की कचेरीतला कारकून?" मामा विचारायचे. "हाक मारली की आधी आळस देतो."

म्हणून मी फायली दाबल्या.

*

आमच्या धंद्यात याला कॉम्प्रेस करणं म्हणतात. मामांना समजावताना मी 'दाबणं' म्हणाले, तोच शब्द राहिला.

पान चालवणाऱ्या स्क्रिप्टच्या ज्या फायली असतात त्यांत तेच तेच शब्द शेकडो वेळा येतात. दाबणारा प्रोग्रॅम पहिल्यांदा आलेला मजकूर पूर्ण लिहितो. तोच पुन्हा आला की लिहीत नाही, नुसती खूण ठेवतो: इतकं मागे जा, तिथलं इतकं उचल. फोनपर्यंत पोचल्यावर फोन त्या खुणा उलगडतो आणि फाईल पुन्हा होती तशी होते. वाटेतलं ओझं तेवढं कमी.

४१० केबीच्या ९५ झाल्या.

हे दोन तऱ्हांनी करता येतं. मागणी येईल तेव्हा दर वेळी नव्यानं दाबायचं. आमचा सर्व्हर म्हातारा, त्याला धाप लागते. नाहीतर एकदाच दाबून ठेवायचं, मूळ फाईलच्या शेजारी तिची दाबलेली प्रत. फोन पान मागताना आपण होऊन सांगतो, 'मला दाबलेली चालेल.' सगळेच फोन सांगतात. मग सर्व्हर मूळ फाईलला हातही लावत नाही, शेजारची प्रत देऊन मोकळा होतो.

मी दुसरी तऱ्हा घेतली. माझ्या वहीत त्या तारखेखाली लिहिलेलं आहे: मूळ फाईल बदलली की प्रत पुन्हा दाबायची. हे आपोआप व्हायला हवं. नंतर करू.

'नंतर करू'भोवती चौकट आहे. चौकट छान आली आहे.

*

दोन महिन्यांनी पाण्याची एक टाकी फुटली आणि निम्मी मशीनं बंद पडली. मोठ्या सिस्टर, म्हणजे ज्यांच्या आवाजावर केंद्र चालतं त्या, प्रत्येक खाटेशी जाऊन सांगून आल्या. महिनाभर पाळ्या दर आठवड्याला फिरणार. कधी सात, कधी अकरा, कधी तीन. फळ्यावर बघा नाहीतर पानावर बघा, पण बघा.

मामा म्हणाले, "मी पानावर बघेन. भाचीचं आहे."

पाळ्यांचा तक्ता मी स्क्रिप्टच्या फाईलमध्येच लिहून टाकला होता. तसं लिहू नये, तक्ता वेगळा ठेवावा, हे मलाही माहीत आहे. दर शनिवारी मी ती फाईल उघडायचे, पुढच्या आठवड्याच्या पाळ्या भरायचे, आणि माझ्या काळ्या खिडकीत, म्हणजे जिथे आम्ही लोक आज्ञा टाइप करतो तिथे, एक ओळ लिहून सर्व्हरकडून ती फाईल मागवून बघायचे. नव्या पाळ्या आलेल्या. ठीक. पर्स उचलायची, घरी.

पहिल्या आठवड्यात मामांची पाळी सातची होती.

मामा अकराला आले.

मोठ्या सिस्टरांनी मला खाली बोलावलं. मामा बाकावर ताठ बसलेले, डब्याची पिशवी मांडीवर.

"अहो मामा, सातची होती तुमची. तुमची खाट मी दुसऱ्यांना देऊन बसले."

"पानावर अकरा होते."

"चिठ्ठी बघू तुमची."

चिठ्ठीवर मामांचं टपोरं अक्षर. मंगळ, ११.

"हे तुम्ही लिहिलंय मामा," सिस्टर म्हणाल्या. "पानानं नाही लिहिलं."

मी वर गेले, काळ्या खिडकीत बघितलं, सात होते, खाली आले. आणि म्हणाले:

"मामा, सातच आहे. नीट बघा."

मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. हे वाक्य आजवर ते इतरांना म्हणत आले होते. त्याचा त्यांना पगार मिळायचा.

त्या दिवशी चार तासांच्या जागी दोनच मिळाले. गुरुवार-शनिवारची वेळ सिस्टरांनी तोंडीच सांगून ठेवली.

*

दुसऱ्या सोमवारचा फोन, पूर्ण:

"घाईबाई, पानावर काय आहे?"

"तीन, मामा. दुपारी तीन."

"मला अकरा दिसतात."

"फोन बंद करून चालू करा."

"थांब." फोन कटला, काही मिनिटांनी त्यांचाच पुन्हा आला. "केला. अकरा."

"साठलेलं पुसा. मागे दाखवलं होतं ना, ती झाडूची खूण."

पुन्हा कट, पुन्हा फोन. "पुसलं. अकरा. एक आणि एक."

"मामा, माझ्यासमोर आहे. तीन आहे. नीट बघा."

"बरं."

मंगळवारी मामा अकराला येऊन बाकावर बसले ते तीनपर्यंत. पाळी हुकायला नको म्हणून. येणारे-जाणारे सिस्टरांना विचारत होते, आजोबांबरोबर कुणी नाही का?

तिसऱ्या सोमवारचा फोन: तोच, बंद-चालू आणि झाडू वगळून. 'तीन'च्या जागी 'सात'. शेवटचं 'बरं' नाही. त्याच्या जागी:

"मग माझंच काहीतरी होतंय."

"वय झालं मामा. होतं असं."

हे आधीच्या फोनमध्ये नव्हतं, म्हणून पूर्ण लिहावं लागलं.

*

त्या मंगळवारी मामा आलेच नाहीत. सातला नाहीत, अकरालाही नाहीत. सिस्टरांनी पाच वेळा फोन केला, उचलला नाही. दुपारी मी गेले तर दार नुसतं लोटलेलं, मामा खिडकीशी स्टुलावर, घोटे सुजलेले.

"मामा, फोन का नाही उचलला?"

"पान उघडं होतं. फोन उचलला की ते जातं."

उजाडल्यापासून ते पान बंद करून पुन्हा पुन्हा उघडत होते. सात दिसले की निघायचं असं ठरवून. सात दिसत नव्हते.

मी कठड्यावरून फोन उचलला. बॅटरी संपून बंद पडला होता. चार्जर शोधावा असं माझ्या मनात आलंसुद्धा नाही; मला मामांना केंद्रात पोचवायचं होतं. चपला त्यांना मी घातल्या. रिक्षात ते एकदाच म्हणाले, "एक आणि एक," आणि दोन बोटं उभी केली.

*

दादा आला. दादा म्हणजे मामांचा मुलगा, आठ तासांच्या अंतरावर राहतो, कारखान्यात सुपरवायझर. मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे मला तेव्हा जे सगळं वाटत होतं ते: तीन आठवडे, तीन चुका, मी स्वतः तपासलं आहे, पान बरोबर आहे.

डॉक्टर तरुण होते, मऊ आवाजाचे. डायलिसिस चुकलं की अंगात घाण साठते, ती डोक्यापर्यंत जाते, म्हणाले. पण घाण निघून गेल्यावरही बघायला हवं. तीन दिवसांनी त्यांनी मामांपुढे कोरा कागद ठेवला.

"आजोबा, एक घड्याळ काढा. गोल काढा, आकडे घाला, आणि काट्यांनी अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

या चाचणीत बऱ्याचदा हीच वेळ विचारतात, हे मी नंतर वाचलं. मामांना कुणी खिजवत नव्हतं.

मामांनी गोल काढला, कंपास लावल्यासारखा. आकडे छापल्यासारखे, सारख्या अंतरावर. मग पेन थांबलं.

"अकरा?"

"हो. अकरा वाजून दहा."

मामा माझ्याकडे वळले. "अकराच ना गं? सात नाहीत?"

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं.

"तुम्हाला जे वाटतं ते काढा, आजोबा."

"मला वाटतं ते तीन आठवडे चुकतंय," मामा म्हणाले, आणि काटे न काढताच कागद परत दिला.

बाहेर दादा म्हणाला, "झालं. आता चर्चा नको. बाबा माझ्याकडे येताहेत."

मला वाटलं मामा भांडतील. मामी गेली तेव्हा दादानं हेच म्हटलं होतं आणि मामा आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. या वेळी त्यांनी फक्त विचारलं, "तिथे मशीन आहे ना जवळ?"

दोन दिवसांत खोली आवरत आली. दादानं मोठ्या बटणांचा साधा फोन आणला. जुना सगळा पुसून आपल्या मुलीसाठी बॅगेत टाकला. टेबलावर बसच्या वेळापत्रकाची प्रुफं होती, निम्मी तपासलेली. मामांनी ती दोरीनं बांधली, वर कागद लावला. 'दृष्टी साथ देत नाही. इतर कुणाकडे द्यावीत.' गठ्ठा छापखान्यात मी नेऊन दिला. काउंटरवरच्या बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "अरेरे. आता कुणाकडे द्यायची?" मी म्हणाले, माहीत नाही.

*

शुक्रवार. रविवारी मामा जाणार.

महिन्याचा अहवाल करायचा होता, सर्व्हरनं किती माहिती बाहेर पाठवली त्याचा. सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो: केव्हा, कोणती फाईल, कोणाच्या नंबरासाठी, किती बाइट. मी पाळ्यांच्या फाईलच्या ओळी खाली खाली सरकवत होते.

६,२१४. ६,२१४. ६,२१४.

फाईल मी चार वेळा बदलली होती. बदललेली फाईल दाबली की आकार थोडातरी हलतो. हा हललाच नव्हता.

मध्येच एखादी ओळ बावीस हजारांची. ती मी. माझी काळी खिडकी. मी तिथे जी ओळ लिहिते ती 'मला दाबलेली चालेल' असं म्हणत नाही. म्हणून सर्व्हर मला शहाण्यासारखी मूळ फाईल द्यायचा, ताजी, सातची, तीनची. आणि बाकी सगळ्या जगाला शेजारची प्रत. टाकी फुटायच्या आधी दाबलेली. अकराची.

मामांना अकरा दिसत होते, कारण तिथे अकराच होते.

पुढचं अर्धं मिनिट: मी त्या प्रतीचं नाव टाइप केलं, पुसायची आज्ञा दिली, एंटर मारला. मूळ फाईल नव्यानं दाबली. माझ्या फोनवर पान उघडलं, मामांचा नंबर टाकला. या आठवड्याची खरी पाळी, तीन. झालं.

खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. चूक दिसली की बोटं निघतात, कुणाला विचारत नाहीत.

मग मला कळलं की मामांच्या बाजूनं बोलणारी एकच वस्तू या जगात होती, आणि ती मी आत्ता पुसली.

बॅकअप बघितला. रोज सगळ्या फायलींची नक्कल दुसऱ्या मशीनवर जाते. नक्कल करायच्या नियमांत एक ओळ आहे: दाबलेल्या प्रती वगळाव्यात, परत बनवता येतात. ओळ माझीच आहे. मामांचा जुना फोन दादानं परवाच पुसला होता.

*

शनिवारी दुपारी मामांच्या खोलीत. पलंगाची गादी गुंडाळून भिंतीशी उभी, मामा खुर्चीत, दादा कपड्यांच्या घड्या घालतोय. मी सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, हळू, घाई न करता.

मामा ऐकत होते. प्रूफ वाचताना एक पट्टी ओळीखाली धरून सरकवतात, तसा त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावरून सरकत होता.

"म्हणजे एका पानाच्या दोन प्रती," ते म्हणाले. "एक तुला, एक जगाला."

"हो."

"जुना फर्मा चढला मशीनवर."

"अगदी तसंच, मामा."

"होतं असं. आमच्याकडे एकदा मागच्या वर्षीची सुट्ट्यांची यादी छापून गेली होती. तीन हजार." त्यांचा चेहरा किंचित सैल झाला, हे मी बघितलं, दादानंही बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला. "दाखव."

"काय?"

"ती प्रत. अकराची."

"पुसली मी."

"का?"

"चुकीची होती म्हणून."

"प्रूफ फाडत नाहीत गं," ते म्हणाले. "चुकीवर खूण करतात आणि प्रूफ ठेवून देतात. नाहीतर चूक कुणाची हे कसं कळणार?"

मी म्हणाले, नोंदी आहेत, बाइट आहेत, शिवाय तशीच प्रत मी लॅपटॉपवर आत्ता पुन्हा बनवून दाखवते. दादानं शर्ट खाली ठेवला.

"अगं, आत्ता बनवलेलं काय दाखवणार? मीपण बनवेन एखादी अकराची."

"दादा, मी खोटं सांगते आहे का?"

"मी कुठे म्हणतो खोटं. तू चांगलीच आहेस. पण आता कुठे त्यांची मनाची तयारी झालीय. घड्याळ त्यांना काढता आलं नाही, ते काय तुझ्या सर्व्हरमुळे?"

"हो! त्याच्यामुळेच!"

"हळू," मामा म्हणाले. मग मला म्हणाले, "तो बरोबर बोलतोय. घड्याळ मीच अर्धं सोडलं. तुझ्या पानानं नाही." आणि खिडकीकडे बघत, "मला बरं वाटावं म्हणून आलीस ना? वाटलं हो. चहा घे."

चहाची भांडी बांधून झाली होती. कुणी उठलं नाही.

*

सोमवारी मोठ्या सिस्टरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, ऐकलं, आणि म्हणाल्या, "लिहून दे. मी फाईलला लावते." मग म्हणाल्या, "त्या दिवशी चिठ्ठीवरून मी बोलले त्यांना. तेही लिही." डॉक्टरांनीही ऐकून घेतलं. म्हणाले, तुमच्या पानाची चूक असू शकते आणि आजोबांनाही त्रास असू शकतो, दोन्ही एकदम असू शकतं. निकाल मागे घेता येत नाही, पुन्हा चाचणी घेता येते. दादाला फोन केला. दादा म्हणाला, इथे बघू.

तेव्हा मी नोंदी टाइप करायला घेतल्या. सर्व्हरच्या मूळ नोंदी इंग्रजीत, किचकट, बारीक अक्षरांत. मामांसाठी मराठीत, मोठ्या टायपात, हातानं एकेक ओळ. फक्त त्यांच्या नंबरासाठी आलेल्या मागण्या:

पहिला सोमवार, सकाळी ९:०५. पाठवले ६,२१४ बाइट.
दुसरा सोमवार, ८:४०. ६,२१४.
दुसरा सोमवार, ८:४७, फोन बंद करून चालू केल्यावर. ६,२१४.
दुसरा सोमवार, ८:५२, साठलेलं पुसल्यावर. ६,२४१.
तिसरा सोमवार, ९:१०. ६,२१४.
तिसरा मंगळवार, ५:४५. ६,२१४.
तिसरा मंगळवार, ५:५१. ६,२१४.
तिसरा मंगळवार, ५:५८. ६,२१४.

तिसऱ्या मंगळवारच्या अशा एकतीस ओळी आहेत, शेवटची १०:२०ची, बहुधा तेव्हा बॅटरी संपली. इथे मी 'तेच' म्हणून थांबते. मामांना सगळ्या एकतीस पाठवल्या. एकही दाबली नाही.

सोबत पत्र. त्यात लिहिलं, आकडा कुठेही बदललेला नाही, म्हणजे दर वेळी तुम्हाला तीच जुनी प्रत गेली, म्हणजे तुम्ही दर वेळी बरोबर वाचलंत. तीनदा तपासलं. पोस्टात टाकलं.

*

दहा दिवसांनी पाकीट परत आलं. दादाच्या हस्ताक्षरात पत्ता. आत माझेच कागद.

ओळींच्या शेवटी लाल शाईत बारीक बरोबरची खूण. छत्तीस ओळी, पस्तीस खुणा. पत्रातल्या एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केलेली, एक सुटलेला स्वल्पविराम आत घेतलेला. आणि चौथ्या ओळीतल्या '४१'खाली ती प्रूफरीडरांची आडवी नागमोडी खूण, समासात नेटकं अक्षर:

'अंक उलटे? मुळाशी ताडून पाहावे.'

ताडून पाहिलं. सर्व्हरवर ६,२१४ होते. चूक माझी. तीनदा वाचूनही मला दिसली नव्हती.

मी ऑफिसातून तसाच फोन लावला. दादाच्या बायकोनं उचलला, बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, मग मामा आले.

"मामा, तुम्ही पकडलीत!"

"काय?"

"चौथी ओळ! मी तीनदा वाचली होती, मला दिसली नाही. तुम्हाला दिसली. डोळे ठणठणीत आहेत तुमचे. डोकंही. छापखान्याला कळवते मी आजच."

टीव्हीवर कुणीतरी हसलं.

"मामा?"

"घाईबाई, लहानपणी पत्ते खेळताना मी मुद्दाम हरायचो तुझ्याशी. कळायचं तुला?"

"नाही."

"कळायचं. पत्ते फेकून देऊन रडायचीस. खरं खेळा म्हणायचीस."

"त्याचं इथे काय?"

"मलाही कळतं, एवढंच. उलटे अंक. नवा माणूस प्रुफावर बसवला की आम्ही पहिल्या दिवशी हीच चूक टाकून ठेवायचो. सगळ्यात सोपी. त्याला सापडायची, बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी यायचा."

"मामा, मुद्दाम नाही केली मी. शपथ घेऊन सांगते. घाईत झाली."

"बरं."

"खरंच घाईत झाली."

"बरं म्हटलं ना." आवाजात राग नव्हता. "छान टाइप केलंयस. पण आता पुन्हा पाठवू नकोस. शाई संपत आलीय, आणि तुझ्या दादाला बाजारात पाठवायचं म्हणजे चार प्रश्न विचारतो, कशाला हवी म्हणून."

खिडकीबाहेर नवी टाकी बसवून झाली होती, माणसं दोर सोडवत होती.

"इथे भिंतीवर घड्याळ आहे," मामा म्हणाले. "सव्वाचार झालेत त्यात. तुझ्याकडे किती?"

मी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं. मग मनगटावरचं बघितलं. मग फोन कानापासून दूर धरून त्याच्यावरचंही बघितलं.

"सव्वाचार, मामा."

"म्हणजे बरोबर आहे," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.